दर रविवारी घरी येणारा दादा

आईने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला नकार दिला, म्हणून मी बंगळूरला निघालो. मिरजेच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातला एक बुधवार दिला होता. आईचे म्हणणे एकच, "आधी थोरल्याला आणा. डोळा गेला तर त्याला बघून तरी जाऊ दे." थोरला म्हणजे माझा दादा, वसंत. बंगळूरच्या एका यंत्रांच्या कारखान्यात तो फिटर आहे. दोन वर्षे तो घरी आला नव्हता. मनीऑर्डर वेळेवर यायची, पण कुपनावर दर वेळी एकच ओळ असायची, 'रविवारी भेट झालीच.' या ओळीचा अर्थ घरात कोणालाच लागत नव्हता.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोत्यांवर नावे घालायचे काम करतो. बेळगावच्या पुढे मी कधी गेलो नव्हतो. त्यामुळे निघण्याआधी आठवडाभर माझ्या डोळ्यांपुढे दादाचा हात यंत्रात सापडत होता, कधी दादाला वेड लागत होते, तर कधी तो पत्ताच खोटा निघत होता.

निपाणीहून सकाळच्या बसने बेळगाव गाठावे आणि तिथून बंगळूरची गाडी धरावी. बसायला जागा हवी तर तासभर आधी जावे. मी तीन तास आधी गेलो. तिकीट टोपीच्या घडीत ठेवले होते आणि प्रत्येक स्टेशनवर टोपी काढून ते पाहत होतो. धारवाडपर्यंत समोरच्या आजोबांनी सहन केले. मग म्हणाले, "तम्मा, टोपीत उवा झाल्यात काय?" डबा हसला. त्यानंतर मी तिकीट खिशात ठेवले आणि खिसा मुठीत धरून बसलो.

पहाटे अरसीकेरे येते. तिथले वडे गरम असतात, चटणीला जळजळीत मिरची असते, आणि गाडी पुरेशी थांबते. मला मात्र गाडी सुटेल असे वाटत राहिल्याने मी खिडकीतूनच घेतले आणि निम्मी चटणी सदऱ्यावर सांडली. कॉफी बारा नव्या पैशांना. इतकी चांगली कॉफी मी आधी प्यालो नव्हतो.

राजाजीनगरला जाणाऱ्यांनी यशवंतपूरला उतरावे. मला हे माहीत होते. दादाने पूर्वी लिहिलेही होते. पण हे स्टेशन खरोखर यशवंतपूरच असेल ना, या शंकेत मी पाटी तीनदा वाचली आणि तोवर गाडी हलली. मग सिटी स्टेशनवरून जटका करून, आलो त्याच दिशेला उलटे जावे लागले. जटका म्हणजे तिथला टांगा. गाडीवानाने सव्वा रुपया घेतला. ऊन होते, पण हवा गार. राजाजीनगरात घरे ओळीने, एकासारखे एक, आणि प्रत्येकासमोर कुंपण घातलेले छोटे झाड. मी नंबर मोजत चाललो, तरी दोन वेळा चुकलो.

शनिवार होता. दादा पाळी संपवून आला आणि मला दारात पाहून सायकलसकट थांबला. माझे लक्ष त्याच्या हातांकडे गेले.

"मोजलीस?" तो हसून म्हणाला. "दहा आहेत."

"आईला भेटायला का येत नाहीस?"

"येतोय की दर रविवारी."

मला धडकी भरली. वेडाचीच शंका खरी ठरली असे वाटले. पण दादाने भात टाकला, हिशेबाने मीठ घातले आणि शांतपणे समजावून सांगितले. इथे काही मंडळी 'शेजार' मानतात. माणूस जे मन लावून कल्पितो ते वाया जात नाही. आपल्या जगाला लागून त्याची एक खोली उभी राहते, आणि त्या खोलीत ते खरोखर घडते. अर्धवट सोडलेला विचार म्हणजे बिनदाराची खोली. त्यातली माणसे अडकून पडतात. म्हणून विचार शेवटाला न्यायचा.

मी मनातल्या मनात मोजले. गेल्या आठवड्यात मी दादाला निदान वीस खोल्यांत यंत्रापाशी उभा करून ठेवला होता.

"सुरुवातीला रजा मिळत नव्हती," दादा म्हणाला. "मग इथनंच यायला लागलो. येऊन गेल्यासारखं वाटतं बघ. रजा काढायचं राहूनच जातं."

रविवारी दहाला तो मला अक्कांच्या घरी घेऊन गेला. अक्का निवृत्त शिक्षिका, त्यांचे घराणे कैक पिढ्या बंगळूरचे. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये जातात आणि परत येतात. ओसरीवर पंधरा-एक माणसे पाटांवर बसली होती, बहुतेक कारखान्यातली. एकाने विचार मोठ्याने सांगायचा आणि तो थांबला की बाकीच्यांनी विचारायचे, "मग?" शेवट येईपर्यंत सोडायचे नाही.

दादाने डोळे मिटले. "स्टँडवर उतरलो."

"मग?" सगळे एका सुरात म्हणाले.

"पायरीवर चप्पल काढली. मधल्या खोलीत आई तांदूळ निवडत बसलीय."

"मधल्या खोलीत आई नाही," मी बोलून गेलो. "तिथं वखारीची पोती आहेत. खोली भाड्यानं दिलीय, वर्ष झालं."

दादाने डोळे उघडले. मला वाटले, आता मला बाहेर काढतील. मी टोपी शोधू लागलो.

"स्वल्प थांब," अक्का मला म्हणाल्या. "मग?"

"तांदूळ शेजारची काकू निवडते. आईला खडे दिसत नाहीत."

"मग?" आता सगळ्यांनी विचारले.

"पुढच्या सोप्यात खाट टाकलीय. दाराकडे तोंड करून बसते. कोण आलं ते पावलांवरून ओळखते. दादाचं पाऊल दोन वर्षं वाजलं नाही."

"मग?"

मी दादाकडे पाहिले. दादा पाटाच्या कडेला बोट घासत होता.

"अक्का, मग दर रविवारी मी कुणाच्या घरी जात होतो?"

"तुझ्याच. दोन वर्षांपूर्वीच्या. त्या घरातली आई सुखात आहे, त्यात खोटं नाही. पण इकडची वाट बंद कर असं मी कधी शिकवलं तुला?"

परतताना दादा स्टेशनवर आला. येतो म्हणाला नाही. "रजेचं बघतो," एवढेच म्हणाला. मी यशवंतपूरहूनच चढलो, हे नमूद करतो.

गाडीत पुन्हा सुरू झाले. रजा मिळणार नाही. मग? आई हट्ट सोडणार नाही. मग? बुधवार जाईल, डोळा जाईल. मग? मग मी तिचा हात धरून तिला परसात नेईन, ताटात काय कुठे वाढले ते सांगेन. त्याच्या पुढे भीतीला जायला जागा नव्हती. असे शेवटपर्यंत मी कधी गेलोच नव्हतो. झोप लागली, आणि तिकीट पाहायचे राहून गेले.

बुधवारच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, पायरीवर पाऊल वाजले. आई खाटेवर सरळ झाली. "वसंता, चप्पल बाहेर काढ."

दादा खाली बसला आणि त्याने तिच्या मांडीवर डोके ठेवले. रविवारचे सगळे त्यानेच सांगितले, लपवले नाही. आईने ऐकून घेतले.

"दर रविवारी येत होतास? मग दोन घागरी पाणी तरी भरून ठेवायचं."

दादा उठला आणि घागर घेऊन गेला. त्या दिवशी त्याने परसातला हंडासुद्धा भरला.

डोळा वाचला. पट्टी सुटल्यावर आई त्याच्याकडे बघून पहिल्यांदा म्हणाली, "किती वाळलास."

बंगळूर पाहण्यासारखे आहे. बागा आहेत म्हणतात, मी एकही पाहिली नाही. शेजार खरा की खोटा, मला ठरवता येत नाही. काळजी अजूनही करतो, मात्र ती अर्धी सोडत नाही.

गेल्या आठवड्यात मनीऑर्डर आली. कुपन आईने माझ्या हातातून काढून घेतले, डोळ्यांजवळ धरले आणि एकेक अक्षर लावून स्वतः वाचले, 'या महिन्यात येणे झाले नाही.'