हो-न्हाई बाई

जालन्याच्या एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात सत्यशीला आणि मी चौदा वर्षं एकाच टेबलाशी बसलो. शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या, आठवड्यानं उलगडायच्या आणि किती उगवल्या ते लिहायचं, एवढंच काम. एखादी बी नुसती फुगलेली दिसली की मी म्हणायचे, "घे गं धरून, बिचारी येऊन राह्यली." सत्यशीला ती चिमट्यानं उचलून बाजूला टाकायची. "न्हाई उगवली."

तिचे वडील खेड्यापाड्यांत बायबल सांगत फिरायचे. असेल त्याला हो म्हणायचं, नसेल त्याला नाही, मधलं सगळं सैतानाचं, हे तिचं बाळकडू. नवी साडी कशी दिसते असं चुकूनसुद्धा तिला विचारायची सोय नव्हती. आम्ही तिला हो-न्हाई बाई म्हणायचो. मला तर तिचा रागच यायचा. माणसानं इतकं धुतल्या तांदळासारखं असू नये, असं मी तिला तोंडावर म्हटलंय. ती हसायची. तेव्हा हसायची.

१९९३ साली तिच्या नवऱ्याला, कचरूला, लिव्हरचं दुखणं लागलं. लोखंडाच्या मिलमध्ये राबणारा धट्टाकट्टा माणूस दोन महिन्यांत अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, आणि त्यांना काही बोलू नका. घरी आल्यावर कचरूनं विचारलं, "सत्यशीला, मी बरा होईन का गं?"

ती म्हणाली, "न्हाई."

कचरू भिंतीकडे तोंड करून पडला. अकरा दिवस कुणाशी एक शब्द बोलला नाही, बाराव्या दिवशी गेला. हे तिनंच मला सांगितलं, बाजरीच्या बिया मोजता मोजता. सांगून झाल्यावर म्हणाली, "एक्क्याण्णव," आणि आकडा लिहिला.

ती रडली नाही. चर्चमधली माणसं म्हणायची, काय विश्वास आहे बाईचा! मी म्हणायचे, विश्वास कसला, दगड झालाय तिचा. डबा खाऊन झाला आणि भाजी कसली होती विचारलं, तर तिला सांगता यायचं नाही. रविवारी चर्चला मात्र जायची, सगळ्यांबरोबर गायची. एकदा म्हणाली, "बेबीनंदा, आत काहीच होत न्हाई गं. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं."

तीन वर्षांनी केदारखेड्याहून निरोप आला की सासू, सोनूबाई, आता फार दिवसांची नाही. मी सत्यशीलासोबत गेले. लेक गेला तेव्हा म्हातारीचा पाय मोडलेला होता, तिला जालन्याला येता आलं नव्हतं. तिनं सुनेचा हात धरला. "माह्या लेकानं जाताना माहं नाव घेतलं का गं?"

ही काय बोलणार ते मला ठाऊक होतं. मी मधे तोंड घालणार तोच सत्यशीला म्हणाली, "हो. आई, आई करत होते. शेवटपर्यंत."

"बरं झालं माय," म्हातारी म्हणाली आणि डोळे मिटून निवांत पडली.

परतीच्या एसटीत मी तिला चिडवलं, कारण मला खरंच बरं वाटत होतं. "काय हो-न्हाई बाई, आज सूर्य पश्चिमेला उगवला का?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. राजूरचा थांबा मागं पडला. मग एकदम तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती रडत होती, मोठमोठ्यानं, आणि पुढच्या सीटवरची माणसं वळून बघत होती.

"म्हातारीला हो म्हणता आलं," ती म्हणाली. "मंग त्यांना का न्हाई म्हणले गं मी?"