खिळ्यावरची किल्ली

कोपरगावात आमच्या गल्लीत एकच जीप आहे. मालक माझे शेजारी, पण वापरते अख्खी गल्ली. मागायला गेलं की पेपरातून मान वर न करता म्हणतात, "किल्ली खिळ्याला हाय. ने." गाडी खरचटून आली, तर ओरखड्यावरून बोट फिरवतात. "गाडी हाय, घासायचीच."

गेल्या उन्हाळ्यात ते परदेशात मुलाकडे जाऊन आले. तिथे फिरायला मुलाने भाड्याची मोटार घेतली. नव्या गाडीला आपण करतो तेच यांनी केलं. चाकाखाली लिंबू ठेवलं, पांढऱ्या बॉनेटवर ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढली. उन्हात डाग पक्का झाला. गाडी परत करताना काउंटरवरच्या माणसाने डागाचे फोटो काढले आणि दंड लावला.

"दंडाचं काय न्हाई," ते मला म्हणाले. "पोरगं त्याला म्हनलं, म्हातारा खेडवळ हाय, त्याला कळत न्हाई. तेवढं इंग्रजी मला कळतं."

त्याच मुलाच्या पहिल्या सायकललाही त्यांनी कुंकू लावलेलं मी पाहिलंय. तेव्हा तो टाळ्या पिटत होता.

परवा मुलगा आला. राहात्याला जायला त्याने जीप मागितली. हे उठले, मोबाईल घेऊन जीपभोवती फिरले आणि जुन्या एकेका ओरखड्याचा फोटो काढला.

"आप्पा, काय हे?" मुलगा हसत म्हणाला.

"परक्याला गाडी देताना असंच करत्यात न्हवं?"

तो हसायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी जीप मला हवी होती. मागावी की नको, अशा विचारात मी दारात घुटमळलो. मुलगा आत चहा पीत होता. आप्पांनी पेपरातून मान वर केली नाही.

"किल्ली खिळ्याला हाय. ने."