सावडीचा दिवस

हायवेवर सायकल चालवायची मी सोडली ती एका कंटेनरच्या आरशामुळं. नारायणगावच्या अलीकडं तो आरसा माझ्या कोपराला चाटून गेला. मी कडेच्या गवतात आणि सायकल माझ्या अंगावर. लागलं फारसं नाही. पण घरी बायकोनं कोपर बघितलं आणि म्हणाली, "पुन्हा हायवेला गेलात तर सायकल भंगारात घालीन." ती बोलते ते करते. म्हणून मी पश्चिमेकडं वळलो.

पश्चिमेकडं म्हणजे आधी कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता, मग जुन्नर मागं टाकून धरणाच्या पाण्याकडेनं मढच्या अंगाला. डांबर संपलं की मुरमाचे रस्ते सुरू होतात, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाणारे. वाहन म्हणाल तर सकाळी एक जीप खाली उतरते, दुपारी वर येऊन पुन्हा जाते. बाकी गुरं, शेळ्या आणि हिरड्याची झाडं. त्यासाठी जाड टायरची सायकल घेतली, रविवारी पहाट झाली की निघायचं, असं ठरून गेलं. मुरमावर टायरचा करकर आवाज येत राहतो, चढाला छाती भरते, आणि दोन-अडीच तास एकसुद्धा हॉर्न ऐकू येत नाही. माझा स्वभाव तापट आहे. मळ्यात दिवसभर कुणावर ना कुणावर ओरडत असतो. तिकडं ओरडायलाच कुणी नसतं, त्यामुळं सोमवारी घरातले लोकही जरा सुखात असतात.

गेल्या साली पाऊस संपता संपता एका वाडीच्या खाली ओढ्यानं रस्ता खाल्ला. मी पोचलो तेव्हा वाडीतली पंधरा-वीस माणसं दगड रचून मुरूम टाकत होती. मी सायकल खांद्यावर घेतली आणि कडेकडेनं पाय टाकत निघालो. तेवढ्यात एक जण, साधारण माझ्याच वयाचा, फावड्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, सायकल उचलताय ती उचलताय, दोन दगडंबी उचला की."

सगळे हसले. मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण सायकल आडवी टाकली आणि दगड उचलला. दोन म्हणता म्हणता दिवस गेला. तो मला बिनदिक्कत हुकूम सोडत होता. "आवो, चपटा द्या, गोल कशाला देताय?" "लई हळू राव तुमी, जेवून आला न्हाई का?" आमच्या मळ्यात माझ्याशी असं कुणी बोललं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. तिथं मात्र बरं वाटत होतं. दुपारी त्याच्याच घरी पंगत बसली, नाचणीची भाकरी, उडदाचं घुटं आणि भात. मी अधाशासारखा जेवलो. जेवता जेवता सवयीनं रडगाणंही गायलो, की डिसेंबरात टोमॅटोची बांधणी येते, रोपं सुतळीनं तारेला बांधायची असतात, आणि ऐन वेळी माणसं मिळत नाहीत. तो ऐकत होता. मळा कुठं, कुठल्या फाट्याला उतरायचं, एवढं त्यानं विचारलं. मी सांगितलं आणि विसरून गेलो. फोड आलेल्या हाताचा फोटो तेवढा स्टेटसला ठेवला.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी सायकल काढतच होतो. थंडी फार म्हणून त्या दिवशी उशीर झाला होता. बांधणी चालू होती, मुकादमानं आणलेल्या दहा बायका सऱ्यांत शिरलेल्या. तेवढ्यात फाटकातून तो वाडीतला फावडेवाला आला. बरोबर त्याची बायको आणि आणखी दोघं जण. भात झोडून मोकळे झालेले दिसत होते.

"आलो भाऊ," तो म्हणाला. "बांधनी हाय ना?"

"आहे ना, भरपूर आहे," मी म्हणालो. मला आनंदच झाला. डोंगरातली माणसं भात झालं की मजुरीला खाली येतात, नारायणगावच्या स्टँडवर सकाळी उभी असतात, हे मी लहानपणापासून बघतोय. त्यातलाच एक आपल्या ओळखीचा निघाला, शिवाय कामाला वाघ. मी मुकादमाला हाक मारली, "ह्या चौघांना लाव रे कामाला." आणि त्याला म्हणालो, "तुमच्याकडंच निघालोय बघा सायकलवर!" तो काहीतरी बोलायला गेला, तोवर मी हेल्मेट घातलं आणि निघालो. मोठा खुशीत होतो.

साडेअकराला वाडीत पोचलो. त्याच्या अंगणात त्याचा म्हातारा बाप दोर वळत बसला होता. मला बघून त्याचा हात थांबला.

"आरं, तुमी हितं?" तो म्हणाला. "आन् पोरं तुमच्याकडं गेल्याती ती?"

"हो, भेटले की. कामाला लावून आलो त्यांना."

"लावून आलो म्हंजी?" म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. "आवो, सावडीला गेल्याती ती. तुमी आमचा एक दिवस केला व्हता ना रस्त्याला? त्यो फेडाया गेल्याती."

सावड हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. आमच्या आजोबांच्या वेळी आमच्याकडंही पेरणी सावडीनंच व्हायची. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. ज्याचं काम असेल तो स्वतः सगळ्यांच्या बरोबरीनं राबतो आणि त्याच्या घरी सगळे जेवतात. वडिलांच्या हाताखाली मुकादम आला आणि ते संपलं. मला शब्द तेवढा ठाऊक होता.

"बाबा," मी विचारलं, "भाकरी बांधून नेली ना त्यांनी?"

"सावडीला भाकर कोन नेतंय?" म्हातारा म्हणाला.

 आमच्या घराला कुलूप होतं. बायको आळेफाट्याला भाचीच्या साखरपुड्याला गेलेली. वाडीत फोनला रेंज नाही. मी सायकल वळवली आणि तो उतार असा उतरलो की आजही आठवलं तर भीती वाटते. खिंडीत रेंज आली तसा मुकादमाला फोन लावला.

"जेवले का ते चौघं?"

"त्यांच्याकडं डबं नव्हतं साहेब. बायांनी आपल्यातली चतकोर चतकोर दिली. का, काय झालं?"

"गाढवा!" मी ओरडलो. वास्तविक गाढव कोण होतं ते त्याला माहीत नव्हतं, मला होतं.

मढला जीप उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, भरल्याशिवाय निघत नाही. सायकल टपावर बांधली आणि तासभर तिथं चुळबुळत बसलो. मळ्यात पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते. शेवटच्या सऱ्या राहिल्या होत्या. बूट काढले, तसाच सरीत शिरलो आणि त्याच्या शेजारी जाऊन रोपं बांधायला लागलो. त्यानं कमरेची सुतळी तोडून थोडी मला दिली.  मला वाटत होतं, त्यानं म्हणावं, "लई हळू राव तुमी." मी मुद्दाम हळू बांधून बघितलं. तरी बोलला नाही.

पाचला काम सुटलं. मी म्हणालो, "चला, हॉटेलात जेवू, मग मी पिकअपनं सोडतो." तो म्हणाला, "नगं भाऊ, मढची शेवटची जीप जाईल." तेवढ्यात मुकादम नेहमीच्या सवयीनं मजुरी घेऊन आला आणि त्याच्यापुढं धरली. मी हां-हां म्हणेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. त्यानं मुकादमाचा हात हळूच बाजूला केला. त्याची बायको माझ्याकडं बघत होती. मी खाली बघितलं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "माझ्या ध्यानातच आलं नाही."

"असूं द्या," तो म्हणाला. "तुमचा दिवस फिटला." आणि चौघं फाट्याकडं चालायला लागले.

शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या, एवढंच नाही, मला हव्याच होत्या. बायकोला रात्री सगळं सांगितलं. 

मग वर्षभर मी त्या बाजूला जात राहिलो. त्यांच्या घरावरून जाताना थांबायचो, चहा व्हायचा, पीकपाण्याचं बोलणं व्हायचं. वाईट वागले असं मी मेल्यावरही म्हणणार नाही. ह्या साली पावसानं पुन्हा तोच ओढा रस्त्यावर आला. बोलावणं येईल म्हणून मी चार दिवस वाट बघितली, मग न राहवून फावडं सायकलला आडवं बांधलं आणि निघालो. गावातली पोरं हसत होती, हसू दे म्हटलं.

सगळे कामावर होते. मी फावडं सोडलं आणि मुरमाच्या ढिगाला लागलो. तो चढून वर आला, माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि वाडीच्या दिशेनं हाक मारली, "खुर्ची आना रं पावन्यांना. आन् चा ठिवा."

"अहो, खुर्ची कशाला? मला काम द्या की."

"नगं भाऊ," तो म्हणाला. आवाजात राग अजिबात नव्हता. "तुमी आज काम केलं, तर आमाला परत तुमच्याकडं यावं लागंल."

खुर्ची आली. त्यानं पंच्यानं ती पुसून सावलीत मांडली. मी बसलो.