चौथा दोर

शिरू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आरे-वारेच्या रस्त्यावर एका हॉटेलातल्या लिफ्टला ग्रीस लावत होतो. मिरकरवाड्याजवळच्या एका सहा मजली इमारतीचे सेक्रेटरी बोलत होते. तुमचे मित्र चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसलेत, हाक मारली तरी बघत नाहीत, म्हणाले. मी पोचलो तेव्हा तो कठड्याला टेकून बसलेलाच होता, मुठीत किल्ली... शेजारी लिफ्टचं दार आणि दारावर त्यानेच चिकटवलेला कागद, 'लिफ्ट बंद आहे'. तिरडी उचलताना मागे कुणीतरी कुजबुजलं की लिफ्ट चालू असती तर माणूस वाचला असता, स्वतःच्याच कुलपाने गेला. आमच्याकडे दबक्या आवाजातलं बोलणं लांबवर ऐकू जातं. तेराव्याच्या आत ते मालतीवहिनींच्या, म्हणजे शिरूच्या बायकोच्या, कानावर गेलं.

श्रीधर हे त्याचं खरं नाव. आम्ही दोघे मुंबईत एकाच ठिकाणी लिफ्टचे मेकॅनिक होतो. रत्नागिरीत उंच इमारती व्हायला लागल्या तसे बरोबरच परतलो आणि इथल्या लिफ्ट सांभाळू लागलो. तो गरीब गाय वगैरे मुळीच नव्हता. तिरसट, हेकट, मासळीबाजारात सुरमईच्या ताजेपणावरून भांडायचा आणि हरला की दुप्पट मासे घेऊन घरी यायचा. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत शिरला की मात्र गप्प. डोळे मिटून एकेका दोरावर तळवा टेकवायचा आणि ढकलून बघायचा. लिफ्टचा पिंजरा पोलादी दोरांवर लटकतो. त्या इमारतीत असे चार होते आणि चौघांनी भार सारखा घ्यायचा असतो. एक सैल पडला की ओझं उरलेल्या तिघांवर येतं, कप्पीच्या खाचा झिजतात, मग एकेका दोराची पाळी येते. "शिमग्यातली पालखी हाय ही," तो म्हणायचा. "एकानं अंग चोरलं की खांदे दुसऱ्याचे सुजतात."

त्या इमारतीत दसऱ्याला लिफ्टची पूजा व्हायची. मोटरला झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि आदल्या दिवशी दोर अगदी लख्ख पुसलेले. शिरूला या पुसण्याची भारी चीड. दोराला काय सांगायचं असेल ते फडक्याबरोबर गेलं, म्हणायचा. लोक त्याला हसायचे, मीही हसायचो. दोरांवर लाल पूड दिसायची खरी, पण शेजारच्याच जागेत मशीनने जांभ्याचे चिरे कापत होते. खिडक्या, वाळत घातलेले कपडे, लोणच्याच्या बरण्यांची झाकणं, सगळ्यावर लाल धूळ. जांभ्यावर जन्म गेलेला माणूस लाल धुळीला काय भिणार?

गेल्या दिवाळीत चिरे कापणारे गावी गेले, काम बंद पडलं. शिरूने दोर स्वतः पुसले, खोलीची खिडकी घट्ट लावून घेतली आणि दिवाळी सरल्यावर मला वर नेलं. खिशातला पांढरा रुमाल काढून चौथ्या दोरावरून फिरवला आणि माझ्यापुढे धरला. लाल होता.

"धूळ वरून बसते, बाळ्या. ही आतून येतेय."

त्याच्या मते दोराच्या पोटातला काथ्या सुकला होता, खारा वारा आत शिरला होता, तारा एकमेकींवर घासून गंजत होत्या आणि तीच पूड बाहेर येत होती. चौथ्याचा नट तो दर महिन्याला आवळायचा, आणि तो दोर पुन्हा लांबायचा. दोर म्हातारपणी वाढायला लागला की त्याचे दिवस भरले, हे शिरूचं ठरलेलं वाक्य. मी वाद घातला. एकटा दोरही पिंजरा पेलतो, आणि पडलाच तर खाली धरून ठेवणारा ब्रेक आहे. "ब्रेक काय घाटावर ठेवलाय?" तो म्हणाला. "तोपन ह्याच वाऱ्यात हाय." त्या दिवशी उतरताना तिसऱ्या मजल्याजवळ डोक्यावर बारीकसं 'टक्' झालं. आधी मी ते कधी ऐकलं नव्हतं. पुढे दर खेपेला ऐकू यायला लागलं.

सोसायटीने नवे दोर मंजूर केले, पण शिमग्यानंतर. सणाला मुंबईची माणसं येणार, सहाव्या मजल्यावरच्या आजींना पायऱ्या जमत नाहीत... त्यांचंही चूक म्हणवत नाही. शिरूने मात्र शिमग्याच्या तोंडावर लिफ्ट बंद केली आणि फ्यूज काढून घरी नेले. दोन दिवसांनी रस्त्यावरून जाताना त्याला लिफ्टचा दिवा वर सरकताना दिसला. कुणीतरी बाहेरचा मेकॅनिक आणून ती चालू करून घेतली होती. तो धावत आत गेला. आत सुट्टीला आलेली पोरं होती, मजेत वरखाली करत. पिंजरा खाली येईपर्यंत तो दारात उभा राहिला. पोरं हसत बाहेर पडली आणि हा भिंतीला धरून खाली बसला. हे त्यानेच मला सांगितलं.

त्यानंतर त्याने गच्चीवरच्या खोलीतल्या मेन स्विचला स्वतःचं पितळी कुलूप लावलं आणि ते जागेवर आहे ना बघायला सकाळ-संध्याकाळ सहा मजले चढू लागला. डॉक्टरांनी त्याला जिने वर्ज्य सांगितले होते. वहिनी भांडल्या. मी जातो म्हटलं तर म्हणाला, "तू जाशील, नि कोणी चाय पाजली की किल्ली देशील." शेवटचं आमचं बोलणं हेच.

शिमगा झाला, नवे दोर आले. शिरूचं कुलूप काढून वहिनींकडे पोचवलं आणि दोर मीच चढवले. जुन्या चौथ्याचा हातभर तुकडा कापून घेतला, पण उकलला नाही. धीर होईना. बाहेरून त्याची एकही तार तुटलेली दिसत नव्हती. आत तो धडधाकट निघाला तर वहिनींना काय सांगणार होतो? तसाच घेऊन गेलो. पडवीत बसलो. वहिनी म्हणाल्या, उघडा. पेड सैल करून मी स्क्रूड्रायव्हर घातला. काथ्याचा भुगा झाला होता. आतल्या तारा जागोजाग तुटलेल्या, एक वाकवली तर आणखी चार सुटून आल्या. शेणाने सारवलेल्या जमिनीवर लाल पूड सांडली. वहिनींनी ती चिमटीत उचलून घेतली.

"त्या दिवशी पोरं होती ना आत?"

"होती," मी म्हटलं.

त्या उठून आत गेल्या आणि शिरूचा रुमाल नि ते कुलूप घेऊन आल्या. रुमाल कितीदा धुतला तरी डाग जात नाही, म्हणाल्या. "घेऊन जा भावजी. बाकीच्या लिफ्टी हायत ना गावात?"

आहेत. काल बंदराकडच्याच दुसऱ्या एका इमारतीत गेलो होतो. शिरूच्या रुमालावर नवा डाग कळणार नाही म्हणून कोरा घेतला, तरी त्याचा खिशात होताच. दोर पुसून खिडकी मी आठवड्यापूर्वीच लावून ठेवली होती. कोरा रुमाल दोरावरून फिरवला, लाल झाला. खाली येऊन रुमाल सेक्रेटरींना दाखवला, तर हसून म्हणाले, अहो, मागे चिरे कापतायत ना. मी पुन्हा वर गेलो, मेन स्विचला शिरूचं कुलूप लावलं आणि जिन्याने उतरलो.