एकतीस फुटांतली एरियल

भावाभावांची वाटणी होते तेव्हा भांडी वाटतात, बैल वाटतात, गोठ्यातल्या खुंट्यासुद्धा वाटतात. आमच्यात हवाही वाटली गेली. हा शोध माझ्या थोरल्या भावाचा. आज इतक्या वर्षांनीही आठवलं की माझं टाळकं सणकतं.

बारामतीतलं आमचं घर रस्त्यापासून मागच्या बोळापर्यंत लांबलचक. पंचांनी सुंभाची दोरी धरून मधोमध चुन्याची रेघ मारली आणि तिच्यावर छातीइतकी भिंत उठली. रस्त्याकडची बाजू थोरल्याची, बोळाकडची माझी. मला दोन खोल्या आणि एकतीस फुटांचं परसू आलं. पिंपळी गावातली जमीन निम्मीनिम्मी झाली, विहीर मात्र सामाईक राहिली. आठ दिवस पाण्याची पाळी त्याची, आठ दिवस माझी. मी शाळामास्तर. माझी जमीन वाटेकरी करायचा आणि त्या पाण्यावर वांगी, गवार, कांदा घरी यायचा.

दुसऱ्या महायुद्धात मी पलटणीच्या सिग्नलमध्ये होतो. लढाई संपून आठ-नऊ वर्षं झाली तरी तारायंत्राची कडकट्ट कानातून जाईना. म्हणून परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला, पुण्याच्या जुन्या बाजारातून लष्करी भंगारातले रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह आणले आणि बॅटरीवर चालणारा लहानसा ट्रान्समीटर जोडला. राहिली एरियल, म्हणजे हवेत ताणायची तार. मला ज्या लहरींच्या पट्ट्यावर हाक मारायची होती तिथं सहासष्ट फूट सरळ तार लागते. माझ्याकडं एकतीस फूट. भिंतीपलीकडं थोरल्याच्या अंगणात उंच कडुलिंब होता. तार तिथवर गेली असती तर प्रश्नच मिटला असता.

मानापमान गिळून विचारायला गेलो. थोरला म्हशीपुढं पेंड ठेवत होता.

"दादा, तुझ्या लिंबाला एक तार बांधू का? जमिनीला शिवणार न्हाय. वरनं जाईल."

त्यानं मान वर केली नाही. "माझ्या अंगणाच्या वरचं बी माझंच हाय."

"हवा पण?"

"हवा बी. बांधायची आसंल तर इहिरीची तुझी पाळी मला लिहून दे. मग वढ आभाळभर तारा."

मी ताडकन मागं फिरलो. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. एकतीस फुटांतूनच बोलून दाखवीन, असं मी ठरवलं. थोरल्याच्या नाकावर टिच्चून.

पहिल्यांदा परसाच्या दोन टोकांना बांबू उभे केले, मधे तार ताणली आणि उरलेली दोन्हीकडं खाली लोंबती सोडली. तिला बायकोचं धुणं लागायला लागलं. ओलं लुगडं तारेला टेकलं की सगळी जुळणी बिघडायची. मी तिच्यावर ओरडलो. ती लुगडं पिळत म्हणाली, "अवं, वाळत घालू कुठं? वरचं तुमच्या भावानं घेतलं, खालचं तुमी घेताय." मी आणखी ओरडलो.

मग उरलेली तार वेटोळ्यांत जिरवायचं ठरवलं. तारेच्या दोन्ही अंगांना मध्यावर एकेक वेटोळं घातलं की आखूड तार लांब तारेचं काम करते. पुरतं नाही, पण करते. वेटोळ्याला न फुगणारा गाभा हवा. वाळलेल्या बांबूची दोन पेरं कापली, मेणबत्त्यांच्या मेणात उकळली आणि त्यांवर तांब्याची तार गुंडाळली. वेढ्याला वेढा शिवू नये म्हणून तारेच्या जोडीनं सुतळी गुंडाळायची आणि तार पक्की बसली की सुतळी उलगडून काढायची. अडतीस वेढे झाले. ते जास्त होते. दोन्हीकडचा एकेक वेढा कमी करायचा, तार परत वर चढवायची, तारायंत्राची कळ दाबायची आणि जोडलेला बॅटरीचा इवलासा बल्ब बघायचा. तो लालसर व्हायचा आणि मान टाकायचा. पुन्हा उतरव, पुन्हा सोड. शाळा सुटली की माझा हाच उद्योग. चौतीस वेढ्यांवर बल्ब लख्ख पेटला. मी भिंतीकडं तोंड करून थोरल्याला मोठ्यानं शिवी हासडली. फार बरं वाटलं.

रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला मी हाक मारायला बसलो. ऐकू सगळं यायचं. दूरदूरची माणसं एकमेकांशी बोलत असायची. माझ्या हाकेला कुणी ओ देईना.

या छंदात एक रीत आहे. काहीजण नुसतेच ऐकणारे असतात, त्यांच्याकडं उत्तर द्यायचं यंत्र नसतं. त्यांनी तुमची हाक ऐकली तर ते छापील कार्ड पाठवतात. त्यावर तुमच्या परवान्याचा नंबर, तारीख, वेळ. परवानाधारकांच्या यादीत माझा पत्ता छापलेला होता. निदान एखादं कार्ड येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. श्रावण गेला, दसरा गेला, एक चिटोरं आलं नाही. भिंतीपलीकडून थोरला म्हशीला ऐकवायचा, "कावळं तरी बसत्यात का गं त्या तारंवर?"

दिवाळीनंतर मी हरलो. आखूड तार मुकी आहे, अशी माझी खात्री पटली. मी थोरल्याच्या ओट्यावर गेलो आणि त्याच पंचांसमोर पाण्याच्या पाळीवर पाणी सोडलं. सही करून टाकली, इतका मी त्या तारेला भुकेलो होतो. थोरल्यानं स्वतः लिंबावर चढून गाठ मारली. बायको एवढंच म्हणाली, "पाणी देऊन वारा घेतलात." वाटेकरी दुसऱ्याच्या रानात गेला. वांगी जागच्या जागी वाळली.

तिसऱ्या पहाटे कलकत्त्याहून उत्तर आलं. माझाच नंबर, परक्या हातानं वाजवलेला. मी रडलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. मग रोज कुणी ना कुणी भेटू लागलं.

संक्रांतीच्या सुट्टीत दुपारी मी परसात होतो. रस्त्याकडच्या दारात थोरल्याचा आवाज चढला. "न्हाय म्हनलं ना! परत धाड!"

भिंतीवरून बघितलं. पोस्टमन कार्ड पुढं करून उभा होता आणि थोरला दोन्ही हात पाठीमागं बांधून. ते पाठीमागचे हात मला चांगले ठाऊक होते. आमच्या इंदापूरच्या चुलत्यांनी एकदा छापील इंग्रजी कागद हातात घेतला, त्यावर अंगठा दिला आणि बांधाचा दावा घालवला. तेव्हापासून आमच्या घरात माझ्याशिवाय इंग्रजी छापील कागदाला कुणी हात लावत नाही. हात लावला नाही म्हणजे नोटीस लागली नाही.

"आबा, नोटीस न्हवं ही. साधं कार्ड हाय," पोस्टमन थोरल्याला समजावत होता.

"वर नंबर हाय का न्हाय? तारीख हाय का न्हाय? मग?"

मी भिंतीवरून उडी टाकली आणि कार्ड ओढून घेतलं. सिलोनच्या रेल्वेतल्या कुणा माणसाचं होतं. तुमची हाक स्पष्ट ऐकली, आधीची दोन कार्डं नाकारून परत आली, हे तिसरं. हाक ऐकल्याची तारीख दसऱ्याच्या आधीची होती. तेव्हा माझ्या परसात एकतीस फुटांचीच तार होती.

"अशी किती परत गेली?" मी पोस्टमनला विचारलं.

"धा-बारा आसतील, गुरुजी. घरचं थोरलं म्हणून आबांस्नीच इचारायचो. तुमी तर शाळंत."

मग मी थोरल्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी तो म्हणाला, "मला वाटलं तू इहिरीवर दावा लावलास, त्याच्याच नोटिसा ह्या. कार्डं येनार हायती हे सांगितलं हुतंस का? तोंड तर फिरवून बसला हुतास."

ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

"माझी सही परत दे," मी म्हणालो.

थोरला आत गेला. आता दार लावून घेणार, असं मला वाटलं. तो कागद घेऊन बाहेर आला आणि दोन्ही हातांनी फाडायच्या बेतात धरून म्हणाला, "हे बघ. आत्ता फाडतो. लिंबावरची तेवढी तार सोड."

त्यानं नाही म्हणायला हवं होतं. आयुष्यभर त्याला शिव्या घालायची माझी तयारी होती. मी वर बघितलं. सकाळीच कलकत्त्याच्या माणसाला मी उद्या याच वेळेला येतो म्हणून कळवलं होतं.

"तार ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

थोरल्यानं कागदाची घडी घातली. भिंतीपलीकडं बायको उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.