तळ्याला गणपतीपर्यंत मुदत

शहापुरात आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तळ्यावर उघडते. त्यामुळे माझ्याकडे किस्से शेवाळासारखे साचतात. आज काढले, उद्या परत हजर. लोक मला चोंबडी म्हणतात. म्हणू देत. खिडकी काय मी बसवली नाय.

*

तळ्यात नुसता गाळ आणि पिशव्या. आळीच्या मीटिंगमध्ये बापू म्हणाला, "बुजवू आणि पार्किंग करू." त्याने नवी गाडी घेतली होती.

शेजारच्या सुमनवहिनी उठल्या. "बापू, तुझी दुपटी याच तळ्यावर धुतलीत मी. गणपतीपर्यंत मुदत दे. तोवर तळ्यात जीव नाय आला, तर भरावाची पहिली पाटी मीच टाकीन."

बापूने गाडीची किल्ली खिशात टाकली. मुदत मिळाली.

*

उन्हाळ्यात गाळ उपसला. शेतात टाकायला जवळच्या शेणवे गावचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. गाळात चपला निघाल्या, घागर निघाली आणि माझं स्टीलचं पातेलं निघालं. त्या पातेल्यावरून मी जावेशी दोन वर्षं बोलत नव्हते.

वहिनींनी ते घासून माझ्या हातात दिलं. "खीर कर आणि यातूनच तिच्याकडे ने."

नेली. काय करणार!

*

एकदा वहिनी बाजारात गेलेल्या. आम्ही बायकांनी उत्साहाच्या भरात काठचा लव्हाळाही उपटला. तळं कसं ताटासारखं लख्ख! रानभाजी विकणारी हिराबाई पाटी उतरवून बघतच राहिली.

"गो बायांनो, पाखरांचं घरच उपटलंत. आता ती काय पायरीवर अंडी घालतील?"

वहिनींनी येऊन बघितलं. दुसऱ्या दिवसापासून हिराबाई भाजीखाली लव्हाळ्याचे गड्डे आणू लागली आणि वहिनी चिखलात उभ्या राहून लावू लागल्या. मग आम्हीही उतरलो. खिडकीतून किती बघणार?

*

गणपती आले. विसर्जनासाठी काठावर टाकी ठेवली होती. बापू म्हणाला, "आमचा गणपती आजोबांपासून तळ्यात जातो. टाकीबिकी नाय." डोक्यावर पाट घेऊन तो उतरलाच. काठावर टेम्पोत बेंजो पार्टी वाजत होती. वहिनी हात जोडून उभ्या. अडवायला गेल्या नाहीत.

गुडघाभर पाण्यात बापू थबकला. लव्हाळ्यात पाणकोंबडी, पोटाखाली दोन काळी पिल्लं. एवढ्या गोंगाटात ती उठली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

बापू पाणी न हलवता मागे फिरला. गणपती टाकीत सोडला आणि टेम्पोवाल्यावर दबक्या आवाजात खेकसला,

"बेंजो बंद कर. गाडी लांब लाव रे. इथं बाळंतीण हाय."