समोरून ऐकणारा

कोणाशीही बोलायचं असलं की शिवशरण आधी वळसा घालून त्या माणसाच्या समोर येऊन उभा राहायचा. नळावर पाणी भरणारी बाई असो, पिठाच्या गिरणीवरचा माणूस असो, नाहीतर आमच्या ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून दाढी करणारे माझे वडील असोत, त्याने कधी मागून हाक मारली नाही. समोर यायचा, नजर चेहऱ्यावर ठेवायचा, मगच तोंड उघडायचा. माझ्या आईला ही रीत फार आवडे. ‘‘चाळीतला मुलगा आहे, पण केवढी अदब,’’ असं ती म्हणायची.

रीत त्याच्या घरची होती. त्याचे वडील सिद्धप्पा कापडाच्या गिरणीत साचेखात्यात होते. कापड विणणारे शेकडो साचे तिथे एका छपराखाली एकाच वेळी धडधडत असतात. आई मल्लव्वा शेजारच्या रिळांच्या खात्यात होती. त्या आवाजात ओरडण्याचा काही उपयोग नसतो. माणसं एकमेकांसमोर येतात, आधी दंडाला हात लावतात, आणि घशातून आवाज न काढता नुसते ओठ हलवतात. थट्टा, भांडणं, सोयरिकीच्या गोष्टी, सगळं असंच. संध्याकाळी भोंगा झाला, माणसं साखर पेठेतल्या चाळीत परतली, तरी सवय अंगावरून उतरत नसे. चाळीत नवी सून आली की सासू तिला आधी हेच सांगायची : मागनं बोलायचं न्हाय, तोंड दाखवून बोलायचं.

शिवशरण याच चाळीत वाढला. बाराव्या वर्षी तो अर्ध्या दिवसाच्या पाळीवर लागला. साचेकऱ्यांना सुताच्या कांड्या नेऊन द्यायच्या आणि उरलेला अर्धा दिवस शाळेत जायचं. त्या शाळेत माझे वडील इंग्रजी शिकवत. हा पोरगा पहिल्या बाकावरून हलत नाही आणि शिकवणाऱ्यावरची नजर काढत नाही, एवढंच त्यांच्या आधी लक्षात आलं. पुढे त्याची इंग्रजी वाचनाची गोडी लक्षात आली, आणि मग तो रविवारी सकाळी आमच्या घरी येऊ लागला. एकोणीसशे तेहतीस साली तो मॅट्रिक झाला. त्यांच्या चाळीतून मॅट्रिक होणारा तो पहिलाच.

पुण्याच्या एका कॉलेजात दरवर्षी बाहेरगावच्या एका गरीब विद्यार्थ्याला राहणं, जेवण आणि शिक्षण मोफत मिळे. तिथले प्राध्यापक बहुतेक इंग्रज. जिल्ह्यातून आलेल्या मुलांना त्यांचं बोलणं समजत नसे, म्हणून कॉलेजने इंग्रजीची एक वेगळी परीक्षा ठेवली होती. तिचे दोन भाग होते. आधी प्राध्यापक एक उतारा मोठ्याने वाचणार, तो ऐकून प्रश्नांची उत्तरं लिहायची. मग दुसरा उतारा स्वतः वाचून उत्तरं लिहायची. दोन्ही भागांत पास व्हावं लागे. सिद्धप्पाच्या जॉबरने, म्हणजे खात्यात माणसं भरणाऱ्या मुकादमाने, सांगून ठेवलं होतं, पोरगा पुण्याला गेला तर उत्तम, नाहीतर आषाढापासून त्याला दोन साचे देतो, तोवर जागा राखतो. एवढ्या दोनच वाटा त्याच्यापुढे होत्या.

माझ्या वडिलांनी तयारी सुरू केली. ओट्यावर सतरंजी घालून दोघं समोरासमोर बसत. वडील वाचत, शिवशरण त्यांच्याकडे बघत ऐके, मग मान खाली घालून लिही. त्याची उत्तरं इतकी बिनचूक असत की वडील आईला हाक मारून दाखवत. ‘‘अशा कानाचा मुलगा मी पाहिलेला नाही,’’ ते म्हणत.

चाळीत शेजारच्या खोलीत गुंडा राहायचा. तो शिवशरणच्याच वयाचा, पण केव्हाच साच्यावर लागलेला. तो त्याला दारातच गाठायचा. ‘‘सायबाचं इंग्रजी ऐकाया पुण्याला कशाला जातूस रं? आमचा वीव्हिंग मास्तर हितं फुकटात शिव्या देतोय की.’’

‘‘त्या तुला कळत्यात व्हय?’’ शिवशरण विचारायचा.

‘‘शिव्या कुटल्या बी भाषेत कळत्यात.’’

वैशाखात एका रविवारी वडिलांची दाढ सुजली. आईने लवंगेचा बोळा ठेवून गालाभोवती उपरणं गुंडाळून दिलं, नाकापासून हनुवटीपर्यंत. दुखत होतं, तरी परीक्षा जवळ आलेली म्हणून ते वाचायला बसले. अर्धं पान वाचून झालं. वर पाहिलं तर शिवशरण पेन्सिल धरून शांत बसलेला.

‘‘सुरू करताय नव्हं, मास्तर?’’ त्याने विचारलं.

वडिलांना वाटलं, दाढेमुळे आपला आवाज उमटत नसेल. त्यांनी स्वयंपाकघरातल्या आईला विचारलं. ती म्हणाली, ‘‘येतंय की ऐकू. इथवर येतंय.’’ त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी बरंच मोठ्याने. शिवशरण त्यांच्या डोळ्यांकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू गोंधळत गेला. मग वडील उठले, पाणी पिण्याच्या निमित्ताने त्याच्या मागे गेले आणि तिथून म्हणाले, ‘‘शिवशरण, तुझी टोपी खाली पडली आहे.’’ तो हलला नाही. त्यांनी नुसती हाक मारली. आई दारात आली होती, तिनेही मारली. तो समोरच्या मोकळ्या सतरंजीकडे बघत त्यांची वाट पाहत होता.

वडील समोर येऊन बसले आणि उपरणं सोडून त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो हसला. ‘‘मला ऐकू येतं की, मास्तर. आत्ता तुमी बोललात ते समदं ऐकू आलं.’’

‘‘आता डोळे मीट,’’ वडील म्हणाले.

हे मात्र त्याने ओठांवरून टिपलं, म्हणून मिटले. वडील काहीतरी बोलले. काय बोलले ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. शिवशरण डोळे मिटून बसून राहिला. उघडले तेव्हा तो हसत नव्हता.

ओठ पाहणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला तोवर माहीत नव्हतं. कान कधी गेले, हेही कळायला मार्ग नव्हता, कारण त्याच्या घरी, चाळीत आणि खात्यात त्याच्याशी कोणी पाठीमागून बोललंच नव्हतं. पेन्सिल मात्र सहा महिन्यांमागे आवाज करायची थांबली होती, असं त्याला आता आठवलं. त्याला वाटलं होतं, नवी पेन्सिल चांगल्या जातीची असेल.

मल्लव्वा आमच्याकडे आली. उंबऱ्याबाहेर बसली आणि पदर तोंडाला न लावता, आईच्या समोर चेहरा ठेवून बोलली. ‘‘आमच्यात मागनं कोन बोलतंय, बाई? मला सांगा, आईला कळू ने व्हय?’’ मग म्हणाली, ‘‘माजंबी तसंच हाय का काय, कुनास ठाऊक.’’

मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आरशाने उजेड टाकून दोन्ही कान तपासले. पडदे चांगले होते. आतली नस बधिर झाली होती, साच्यांच्या आवाजाने. औषध नव्हतं. थोडंसं ऐकू येतं ते जपायला हवं, त्याला साच्यांपासून लांब ठेवा, एवढं त्यांनी सांगितलं. लांब म्हणजे पुण्याला, आणि पुण्याचा रस्ता कानांतून जात होता. वडील बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले. शिवशरणने समोर येऊन विचारलं, ‘‘डॉक्टर काय म्हनले?’’ आत डॉक्टर त्याच्याकडे पाठ करून बोलले होते.

मग मल्लव्वाने आणि वडिलांनी जमेल ते सगळं केलं. मल्लव्वा लसणाचं तेल कोमट करून कानात घालायची. वडिलांनी पुठ्ठ्याचा कर्णा करून त्यातून वाचून पाहिलं. तेव्हा काही आवाज आत पोचत, पण ते नुसते लांबट, गोल आवाज. स आणि फ यांसारखी वाऱ्यासारखी अक्षरं वाटेतच विरून जात. वडिलांनी कॉलेजला खरी परिस्थिती कळवली. उत्तर चांगलं आलं. उमेदवाराला पहिल्या बाकावर, वाचणाऱ्याच्या अगदी समोर बसवू, असं त्यात होतं. वडिलांच्या जिवात जीव आला. समोर बसवणार म्हणजे ओठ दिसणार.

पण ओठ परक्याचे असणार होते. म्हणून वडील जो मिळेल त्याला वाचायला लावू लागले. शाळेतले शिक्षक झाले, पोस्टातले कारकून झाले. मिशनच्या शाळेतल्या बाई दोनदा येऊन वाचून गेल्या. त्या इंग्रज, तोंड फारसं न उघडता बोलणाऱ्या. पहिल्या खेपेला शिवशरणला काही लागलं नाही, दुसऱ्या खेपेला निम्मं लागलं. तो बाईंना म्हणाला, ‘‘आनि एकदा याल का?’’ त्या उन्हाळ्यासाठी महाबळेश्वरला निघाल्या होत्या.

जूनच्या सुरुवातीला वडील त्याला घेऊन पुण्याला गेले. मल्लव्वाने भाकऱ्या, शेंगाचटणी आणि धुतलेला सदरा बांधून दिला. गुंडा स्टेशनवर आला होता. गाडीच्या गोंगाटात तो आवाज न काढता ओठांनी म्हणाला, ‘‘सायबाला म्हनावं, गुंडाप्पानं नमस्कार सांगितलाय.’’ शिवशरण हसला. गाडीत त्याने वडिलांना सांगितलं, ‘‘हे कसं, लगेच ऐकू येतं बघा.’’

परीक्षेचं दालन तळमजल्यावर होतं. बाहेर व्हरांडा, आणि व्हरांड्याकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या. वडील एका खिडकीपाशी उभे राहिले. शिवशरणला सांगितल्याप्रमाणे पहिला बाक मिळाला. प्राध्यापक आत आले. वयस्क, उंच, चेहऱ्यावरून दयाळू वाटणारे. त्यांच्या पांढऱ्या मिशा वरचा ओठ झाकून खालच्या ओठावर उतरल्या होत्या, आणि खाली छातीपर्यंत दाढी. त्यांनी शिवशरणकडे पाहून मान हलवली. पत्र त्यांच्या लक्षात होतं. मग पुस्तक डोळ्यांसमोर उंच धरून ते वाचू लागले, एका मुलासाठी मुद्दाम खूप मोठ्याने. व्हरांड्याच्या टोकाला बसलेले पालकही वळून पाहू लागले, इतक्या मोठ्याने.

शिवशरण पुढे वाकला. मिशा हलताना दिसत होत्या, बाकी काही नाही. त्याने एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. मग त्याची नजर खिडकीकडे आली.

वडिलांना शब्दन् शब्द ऐकू येत होता. त्यांचे ओठ आपोआप हलू लागले, साहेबांच्या मागोमाग, साचेखात्यात बोलतात तसे, आवाजाविना. शिवशरणने दोन वाक्यं टिपली, हे वडिलांना दिसलं. त्याची पेन्सिल कागदाला लागली. तेवढ्यात साहेबांनी वाचणं थांबवलं. मुलाचं लक्ष बाहेर जातंय, बाहेरच्या आवाजाने त्याला ऐकायला त्रास होत असावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायाने खिडकीची लाकडी दारं लावून घेता घेता वडिलांना सांगितलं, ‘‘सायेब म्हणतात, त्या आजारी पोराला शांतता पाहिजे.’’

त्यानंतर दार उघडेपर्यंत ते बंद खिडकीसमोर उभे होते. आतून साहेबांचा खणखणीत, स्वच्छ आवाज येत राहिला.

परतीच्या गाडीत शिवशरण उरलेल्या भाकऱ्यांचं फडकं सोडून बसला. मग म्हणाला, ‘‘दुसरा भाग सोपा गेला, मास्तर.’’

ते खरं होतं. वाचनाच्या भागात तो सगळ्यांत पहिला आला होता. ऐकण्याच्या भागात दोनच उत्तरं लिहिलेली होती, आणि दोन्ही बरोबर. जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. प्राध्यापकांनी निकालासोबत स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, की हा मुलगा हुशार आहे, त्याने कानांवर उपचार करून पुढच्या वर्षी अवश्य यावं. वडिलांनी ते त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘भला मानूस हाय.’’ 

आषाढात तो साच्यावर लागला. वडील एकदा जॉबरला भेटून आले. गोदामात किंवा ऑफिसात, आवाज कमी असेल तिथे काम मिळालं तर बरं, असं सुचवून आले. जॉबर म्हणाला, ‘‘ऑफिसात बहिरा कारकून कोन घेनार, मास्तर? हितं बरंय की. हितं समदेच बहिरे.’’ पहिल्या दिवशी खात्यात गुंडा शेजारच्या साच्यावरून ओठांनी म्हणाला, ‘‘या, पुनेकर.’’ शिवशरणने त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं आणि आजूबाजूचे चारपाच जण हसले. त्या छपराखाली त्याला कोणाचंच बोलणं चुकत नव्हतं.

रविवारी तो येत राहिला. परीक्षा उरली नव्हती, तरी सतरंजी पडत असे. वडील वाचत, तो बघत असे. वर्षागणिक त्याचा स्वतःचा आवाज सपाट होत गेला, कधी नको इतका मोठा, कधी कुजबुजीसारखा. तो कसा झालाय हे त्याला कळत नसे, आणि वडील सांगत नसत. पुढे पुढे तो फारसं बोलेनासा झाला. इंग्रजी मात्र त्याला आता वडिलांच्या ओठांवर घाईतलंसुद्धा कळे. दुसऱ्या कोणाच्या ओठांवर कळण्याची वेळ पुन्हा आली नाही.

अडतीस साली वडिलांची नाशिकला बदली झाली. शिवशरण पाळी सोडून स्टेशनवर आला, अंगावर सुताचे तंतू तसेच. त्याने आमचं सामान चढवलं, वळकट्या फळीवर नीट रचल्या, आईच्या पाया पडला. वडिलांना काहीतरी सांगायचं होतं, पण त्यांचे ओठ थरथरत होते, आणि तसे ते त्याला वाचता आले नसते, म्हणून ते गप्प राहिले. नंतर त्याची पत्रं येत, सुरेख इंग्रजीत लिहिलेली. पण त्याचा आवाज आम्ही त्या दिवशी शेवटचा ऐकला. गाडीने शिट्टी दिली तेव्हा तो फलाटावर उभा राहून, जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, ‘‘मास्तर, कुर्डुवाडीला गाडी लई येळ थांबती. जेवन तितंच करून घ्या.’’